इथून तिथवर किती दिवस? काल्पनिक प्रदेशाचा नकाशा काढताना

टेबलटॉप रोलप्लेइंग या खेळासाठी काढलेला माझा पहिला नकाशा फुल साइज ड्रॉइंग शीटवर होता. अख्खा खंड. तीन समुद्र, अकरा राज्यं, सत्तेचाळीस शहरं आणि प्रत्येकाला नाव. शाईने काढला, चहाच्या पाण्यात भिजवून जुनाट केला, कडा मेणबत्तीवर जाळल्या. (आईने गॅलरीतून हाकललं तोवर एक कडा जरा जास्तच जळाली होती. तिथलं एक राज्य गेलं.) रविवारी लालबागला आमच्या घरी कॅरम बोर्ड उलटा टाकून त्यावर तो पसरला, तेव्हा पाचही जण मिनिटभर गप्प झाले.

मग मास्तर बोलले. ते शाळेत भूगोल शिकवतात. भाच्याच्या नादाने या खेळात आले, भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तरी यांचा रविवार काही चुकत नाही. चष्मा कपाळावर चढवून, नकाशावर नाक टेकवून त्यांनी विचारलं, "ही नदी डोंगर चढते का गं?"

चढत होती. पश्चिमेच्या समुद्रातून निघून, मधली डोंगररांग ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळत होती. मला ती वळणं फार आवडली होती, त्यामुळे उतार वगैरे डोक्यातच आला नव्हता.

नदीचं एक वेळ चाललं असतं. खरी फजिती नंतर झाली. पुढच्या सहा रविवारांत खेळातली मंडळी एका सराईतून निघून शेजारच्या गावी गेली आणि परत सराईत आली. शीटवरची दीड इंच जागा वापरली गेली, बाकीची सेहेचाळीस शहरं तशीच पडून राहिली. नकाशा सुंदर होता आणि खेळात त्याचा उपयोग शून्य होता. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, त्याबद्दल हा लेख.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्र काय करणार ते खेळाडू सांगतो, जमलं की फसलं ते फासे सांगतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अशा गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. या प्रकाराची सुरुवात झाली १९७४मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून. गंमत म्हणजे भुयारांचे नकाशे आलेखाच्या कागदावर कसे काढायचे हे त्या पहिल्या नियमपुस्तिकांत होतं, पण उघड्यावरच्या प्रवासासाठी सरळ दुसऱ्याच एका कंपनीचा खेळ वापरा असं सुचवलं होतं. 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा १९७२चा बोर्डगेम, जंगलात वाट चुकलेल्या माणसांचा. म्हणजे या छंदातला पहिला मुलखाचा नकाशा उसना आणलेला होता.

भुयारात भिंती असतात. डावीकडे दार, उजवीकडे जिना, एवढेच पर्याय, त्यामुळे नकाशा आपोआप खेळाला वळण लावतो. उघड्या मुलखात भिंती नाहीत, कोणीही कुठेही जाऊ शकतो. मग तिथे नकाशा नेमकं काय काम करतो?

मुंबईकराला "दादर किती लांब आहे?" असं विचारून बघा. तो किलोमीटर सांगणारच नाही. "फास्ट मिळाली तर अर्धा तास. सहानंतर नको निघूस, चढायला मिळणार नाही. आणि पाऊस लागला तर घरीच बस." या एका उत्तरात वेळ आहे, वाट आहे, धोका आहे आणि ऋतूही आहे. मुलखाच्या नकाशाने खेळाडूला हेच उत्तर द्यायचं असतं. समोरच्या गावी जायला किती दिवस, कुठल्या वाटेने, आणि त्या वाटेवर काय गमवावं लागेल. नकाशा उलगडल्यावर टेबलावर भांडण लागलं पाहिजे. "इकडून जाऊ", "वेडा आहेस का, तिकडून". ते लागलं नाही तर तुम्ही चित्र काढलंय, भिंतीवर लावा.

सहा बाजूंचं घर

वेळ मोजायची तर कागदावर माप हवं. बहुतेक जण षटकोनी जाळी वापरतात, टेबलावर तिला हेक्सच म्हणतात. चौकोनी जाळीत एक खोड आहे. सरळ शेजारचं घर १० किलोमीटरवर धरलं तर तिरकं शेजारचं घर १४ किलोमीटरवर जातं. दोन्हीला एकच चाल धरली की हुशार खेळाडू जन्मभर तिरके चालतात. षटकोनाला सहा शेजारी आणि सहाही जण मध्यापासून सारख्या अंतरावर. भांडण मिटलं.

एक हेक्स केवढा धरायचा? परदेशी खेळांत सहा मैलांचा हेक्स फार रुळलेला आहे. सहा मैल म्हणजे जवळपास १० किलोमीटर, म्हणून मी समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १० किलोमीटर धरते. या मापाचे दोन फायदे आहेत. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर दिसतं. हेक्सच्या मध्यावर उभं राहिलात की नजर त्याच्या कडेपर्यंत पोचते. 'तुम्हाला काय दिसतं' या प्रश्नाचं उत्तर तयार: ज्या घरात आहात ते घर. आणि कोणी तीनशे मीटरच्या टेकडीवर चढलं तर हवा स्वच्छ असताना क्षितिज साठेक किलोमीटरवर जातं, म्हणजे सहा हेक्स. टेकडी चढायला खेळाडूला कारण मिळालं. माझ्या टेबलावर आता नव्या मुलखात शिरलं की पहिला प्रश्न असतो, "इथलं सगळ्यात उंच काय आहे?"

दुसरा फायदा, एका घरात किती मावतं याचा अंदाज येतो. १० किलोमीटरच्या हेक्सचं क्षेत्रफळ सुमारे ८७ चौरस किलोमीटर होतं. बोरिवलीचं नॅशनल पार्क त्याहून किंचित मोठं, शंभराच्या थोडं वर. त्या एका पार्कात काय काय आहे बघा: तुळशी आणि विहार हे दोन तलाव, बिबटे, पाडे, आणि कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी. म्हणजे बोरिवलीहून ठाण्याला निघालेली पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, कागदावर फार तर एक-दोन घरं सरकते आणि वाटेत दहा सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, सहज निघतात. बृहन्मुंबई सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर सात हेक्स. सात बेटांचं शहर सात घरांत बसतं हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

माझी चूक इथे कळली. मी खंड काढत होते आणि खेळायला वीस हेक्स बाय पंधरा हेक्स पुरले असते. आडवे वीस म्हणजे २०० किलोमीटर. एवढ्यात मुंबई, पुणे, मधला घाट आणि पलीकडचा दुष्काळी पट्टा सगळं येतं. ए-फोर कागद घ्या. खंड नंतर कधीतरी.

आता चाल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मध्यम चालीने दिवसाला २४ मैल धरतात, म्हणजे ३८-३९ किलोमीटर. मला ते जास्त वाटतं. वारीत पालखीचा पुण्याहून सासवडला जाणारा, दिवे घाट चढायचा टप्पा तीसेक किलोमीटरचा असतो आणि वारकरी त्या दिवसाबद्दल वर्षभर बोलतात. म्हणून माझ्याकडे चांगल्या रस्त्याने दिवसाला ३० किलोमीटर, तीन हेक्स.

हिशेब सोपा राहावा म्हणून मी दिवसाला सहा गुण देते. रस्त्याचा हेक्स दोन गुण खातो, बिनरस्त्याचं माळरान तीन, जंगल चार, आणि वाट नसलेला डोंगर सहाच्या सहा. एवढे चार आकडे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिले की नकाशा बोलायला लागतो.

मास्तरांचा चहा

नदीवरून फजिती झाल्यावर पुढच्या रविवारी मास्तरांनी प्रात्यक्षिक केलं. कालचा पेपर घेतला, चुरगळला, अर्धवट उलगडून परातीत ठेवला. एक बाजू हाताने उंच केली. त्यावर दुधाची धुतलेली पिशवी कापून पसरली आणि बोटांनी खळग्यांत दाबून बसवली. मग उंच बाजूवर चमच्याने थोडा थोडा चहा सोडायला लागले.

चहा घड्यांमधून वाट काढत खाली आला. दोन ओघळ आले, एकमेकांना भेटले, जाड झाले, पुढे तिसरा येऊन मिळाला. एका खळग्यात डबकं साचलं, भरलं, आणि त्याच्या काठावरच्या सगळ्यात खालच्या जागेतून एकच धार बाहेर पडली. दुसरीकडून नाही. "बघितलंस? नद्या भेटतात. तुटत नाहीत. तुटल्या तर समुद्राजवळ, गाळात." नकाशावर नदी काढताना चुकण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या परातीत होतं. उपनदी मुख्य नदीला मिळताना होणारा कोन वाहत्या दिशेला तोंड करून असतो. तळ्याला येणाऱ्या नद्या कितीही असोत, बाहेर जाणारी बहुतेक वेळा एकच. आणि दोन खोऱ्यांच्या मधला कणा कुठलीही नदी ओलांडत नाही.

"पण मग माझी नदी इथून सरळ पश्चिमेला जायला हवी," मी म्हटलं, "समुद्र तर इथेच आहे, जवळ." मास्तरांनी शालेय अ‍ॅटलास उघडला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सत्तर किलोमीटरही नाही. तरी ती पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीचं तेच, भीमेचं तेच. दख्खनच्या पठाराची पश्चिम कड उंच आहे आणि तिथून सगळं पूर्वेला कलतं. पाण्याला समुद्र किती जवळ आहे ते कळत नाही, उतार कळतो. कोकणच्या बाजूला मग राहतात त्या उल्हास, वैतरणा, सावित्री अशा आखूड, घाईच्या नद्या.

तेव्हापासून मी किनाऱ्यानंतर लगेच डोंगराचा कणा काढते आणि मग नद्या. गावं सगळ्यात शेवटी.

डोंगर आणि वारा ठरला की पावसाचं कोडं आपोआप सुटतं. समुद्रावरून येणारे ढग डोंगरावर चढताना थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून रस्त्याने बत्तीस-तेहतीस किलोमीटरवरच्या वाईला सातशे-आठशे. नकाशावर तीन घरं! काल्पनिक जगात वाळवंट हवं असेल तर ते कुठेही पिवळं रंगवू नका, डोंगराच्या पाठीमागे टाका. खेळाडूंना कारण कळलं नाही तरी काहीतरी बरोबर आहे एवढं जाणवतं. मास्तरांसारखा एखादा असेल तर त्याला कळतंच.

गाव तिथे का आहे

माझी सत्तेचाळीस शहरं कागदावर जिथे मोकळी जागा दिसली तिथे होती. खरी गावं तशी बसत नाहीत. माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो तिथे गाव होतं. कल्याण घ्या. खाडीतून गलबत येतं, त्यापुढे पाणी नाही, माल बैलाच्या पाठीवर जातो. तिथे हमाल हवेत, गोदाम हवं, जेवण हवं, सावकार हवा. कल्याणहून वाट नाणेघाटाच्या पायथ्याशी जाते, घाट चढून जुन्नरला. सातवाहनांच्या काळात हा राजरस्ता होता. घाटात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि वर एक मोठा दगडी रांजण. तो जकातीची नाणी टाकायला होता असं सांगतात. शेजारी जीवधन किल्ला, वाटेवर नजर ठेवायला. आणि या व्यापाराचा पैसा कान्हेरीच्या लेण्यांतही सापडतो, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं भिंतीवर कोरलेली आहेत.

बंदर, खाडी, घाट, जकातनाका, किल्ला, बाजारपेठ, लेणी. एका वाटेवर सात ठिकाणं आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी काम. यात फक्त एक राक्षस टाकायचा बाकी आहे.

लहान गावांना फार विचार लागत नाही. आठवडी बाजाराला सकाळी निघून रात्री घरी येता आलं पाहिजे, म्हणून बाजाराची गावं एकमेकांपासून दोन-तीन हेक्सवर आपोआप पडतात. मधल्या वाड्या काढूच नका, लागल्या तर ऐन वेळी सुचतात.

आता आमच्या सध्याच्या कॅम्पेनचा एक तुकडा दाखवते. खारबंदर नावाचं बंदर, आणि घाटावर उंबरनेर. मधे डोंगर. उंबरनेरला अमावास्येच्या आत पोचायचंय, चार दिवस हातात आहेत.

पहिली वाट मोठ्या घाटाची. नऊ हेक्स, सगळा रस्ता. अठरा गुण, तीन दिवस. एक दिवस हातात उरतो. पण घाटमाथ्यावर जकातनाका आहे आणि तिथल्या हवालदाराला या पाच जणांची तोंडं चांगली ओळखीची आहेत.

दुसरी चोरवाट. सहाच हेक्स: तीन जंगलाचे, एक डोंगराचा, दोन माळाचे. बारा, सहा आणि सहा, चोवीस गुण. बरोबर चार दिवस. नाका नाही. पण एक दिवस जरी वाया गेला तरी अमावास्या चुकली.

तिसरी, होडीने उत्तरेला वरच्या खाडीपर्यंत एक दिवस, तिथून दुसऱ्या घाटाने दहा हेक्स रस्ता. वीस गुण. पाचवा दिवस उजाडतो, होडीचं भाडं वेगळं. उशीर नक्की, पण जीव सुरक्षित, आणि उशिरा पोचून काय हाती लागेल यावर आमच्याकडे पाऊण तास वाद झाला.

कागदावरून बघितलं तर चोरवाट सगळ्यात जवळची आणि वेळेच्या हिशेबाने ती मधली. एवढा फरक पडला की नकाशाने आपलं काम केलं. तिन्ही वाटा सारख्याच दिवसांच्या झाल्या असत्या तर खेळाडूंनी फासा टाकून ठरवलं असतं.

धोक्याचं गणितही यातच बसतं. रोज मी एक सहाबाजूंचा फासा टाकते, एक पडला तर वाटेत काहीतरी घडतं. तीन दिवसांच्या वाटेवर निदान एकदा तरी काही घडण्याची शक्यता ४२ टक्के, चार दिवसांत ५२, पाच दिवसांत ६०. लांबची वाट आपोआप महाग पडते, वेगळे नियम लागत नाहीत. आणि काय घडतं ते दोन फाशांच्या बेरजेवर. बेरीज सात येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग, दोन किंवा बारा येण्याचा प्रत्येकी फक्त १. म्हणून सातसमोर रोजचं लिहा, बैलांचा तांडा वगैरे. दोनसमोर अग्निसर्प. तो क्वचितच येतो, पण त्या मुलखात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, जसा नॅशनल पार्कात बिबट्या.

पावसाळ्यातला नकाशा

परदेशी नियमपुस्तकांत हवामान म्हणजे एक फासा: ऊन, ढग, सरी. आपल्याला हे वाचून हसू येतं. इथे पावसाळा म्हणजे नकाशा बदलतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणजे वरची तिसरी वाट तोवर बंदच. उन्हाळ्यात गुडघाभर असलेला नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, आषाढात माणूस नेतो. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्यामागे पुण्य किती आणि वाळलेले रस्ते किती हे समजायला इतिहासकार लागत नाही.

म्हणून मी एका नकाशावर दोन बटर पेपर ठेवते. एकावर उन्हाळ्याच्या वाटा, दुसऱ्यावर पावसाळ्याच्या. पावसाळ्याच्या कागदावर घाटाचे हेक्स दुप्पट गुण खातात, नद्या जाड निळ्या होतात, आणि तीन-चार ठिकाणी नुसती फुली असते. एवढ्या एका कागदाने जुना मुलूख पुन्हा नवा होतो. खेळाडू ज्या वाटेवर डोळे मिटून जात होते तिथे अचानक नावाडी शोधत बसतात.

समुद्राच्या काठी आणखी एक थर मिळतो, भरती-ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. असं एक ठिकाण नकाशावर असायलाच हवं. पूर्ण भरतीची वेळ काढायला आमच्याकडे दर्यावरची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा भरती, त्यामुळे पहाटे तीन आणि दुपारी तीन दोन्ही आले, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. खेळात चंद्र आहेच, मग तिथी ठेवायला काय जातं? कोपऱ्यात फक्त आजची तिथी लिहीत जायचं.

नावं

नावांत लोक उगाच अडकतात. जिभेला गाठ पडेल अशी, मधे मधे स्वल्पविराम वर टांगलेली नावं शोधत बसतात. दुसऱ्या सेशनला ते नाव कोणालाच आठवत नाही, सगळे "ते क्ष वालं गाव" म्हणतात. त्यापेक्षा आपल्याच गावांचा साचा उचला. अमळनेर, संगमनेर, पारनेर यांचा 'नेर' घ्या, 'बंदर' घ्या, 'पाडा', 'वाडी', 'खिंड' घ्या आणि पुढे एखादं झाड किंवा धंदा लावा. वडाळ्याला वड होते, चिंचपोकळीला चिंचा. आपल्याला ऐकताच कळतं की हे गाव आहे आणि तिथे काय असावं.

याहून मजेशीर चाल म्हणजे खोटी ठरलेली नावं. धोबी तलावला तलाव नाही. चर्चगेटला गेट नाही. फोर्टातला कोट एकोणिसाव्या शतकातच पाडला. पायधुनीला खाडी ओलांडून आलेली माणसं पाय धूत असं सांगतात, आज तिथे पाय ठेवायला जागा नाही. मुंबईच्या नावांत गेलेला मुलूख शिल्लक आहे. काल्पनिक नकाशावर भर माळावर 'नावाडीवाडी' लिहा आणि काहीच सांगू नका. नदी कुठे गेली हे कोणीतरी विचारेलच. आमच्याकडे तिसऱ्या सेशनला विचारलं आणि त्यातून सात सेशन निघाले. मला तोवर उत्तर माहीत नव्हतं, हे आपल्यातच राहू द्या.

काढण्याबद्दल फार लिहीत नाही, ते हाताला येतं. हेक्सची जाळी छापून घ्या, वर बटर पेपर, पेन्सिलीने किनारा, मग कणा, मग पाणी. डोंगर म्हणजे उलटे व्ही, सगळ्यांची सावली एकाच बाजूला. इंकार्नेट, वंडरड्राफ्ट अशी सॉफ्टवेअरं चांगली आहेत, पण त्यात रात्री दोनपर्यंत झाडं लावत बसायला होतं. देवनागरीची एक अडचण मात्र सांगून ठेवते. नदीच्या वळणावरून नाव वाकवलं किंवा अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते, मात्रा वेगळ्या पडतात. हाताने लिहा. आणि शिरोरेषा रस्त्याच्या रेघेत मिसळू नये म्हणून नावाभोवती रस्ता तोडा. माझ्या एका नकाशावर 'काळखिंड'च्या शिरोरेषेवरून दोघे जण घाट चढून गेले होते.

शेवटची गोष्ट, दोन नकाशे ठेवा. डीएमचा पूर्ण, खेळाडूंचा अपुरा. त्यांच्याकडे फक्त किनारा, दोन शहरं आणि एक रस्ता. बाकी हेक्स कोरे, आणि सोबत पेन्सिल. जिथे गेले ते त्यांनी स्वतः काढायचं. चुकलं तरी खोडायचं नाही, चुकीच्या नकाशाने वाट चुकणं हा त्यांचा हक्क आहे. आमच्या टेबलावरचा तो कागद आता घड्यांवर फाटलाय, एका हेक्समध्ये वाघाऐवजी मांजर दिसतंय, आणि माझ्या चहाने भिजवलेल्या खंडापेक्षा पाचही जण त्याला जास्त जपतात.

गेल्या रविवारी मंडळी खारबंदरासमोरच्या गडावर निघाली होती. मधे वाळूची पुळण, ओहोटीला कोरडी. वाटेत कोळिणीशी घासाघीस करण्यात, मग खेकडे पकडण्यात खेळातले तीन तास गेले. पुळणीच्या मध्यावर आल्यावर कोणाच्या तरी बुटात पाणी शिरलं, एवढंच मी सांगितलं. मास्तरांनी कोपऱ्यातली तिथी बघितली. अष्टमी. मग चष्मा कपाळावर चढवला आणि पाऊणकी म्हटली, "आठ पाऊण सहा." सगळे थांबले. "आत्ता किती वाजले गं?"

खेळात साडेपाच वाजले होते.